उपकाराचा तक्ता आणि हक्काचा रकाना

मराठीत चरित्रवाङ्मयाची चर्चा पुष्कळ होते. संतचरित्रे, राजपुरुषांची चरित्रे, लेखकांची आत्मचरित्रे यांवर प्रबंध लिहिले जातात. पण उद्योगपतींच्या घराण्यांचे जे इतिहास लिहिले जातात, त्यांच्याकडे समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिलेले नाही. ही पुस्तके कंपनीच्या पन्नाशीला, पंच्याहत्तरीला, शताब्दीला निघतात. त्यांतले उतारे शाळेच्या पाठ्यपुस्तकांत येतात, वक्तृत्वस्पर्धेत पोरे ते घडाघडा म्हणतात. ज्या वाङ्मयाचे संस्कार एवढ्या मोठ्या प्रमाणावर होतात, ते वाङ्मय तपासण्याची जबाबदारी टाळता येत नाही. दलित साहित्याने पुराणे तपासली, संतवाङ्मय तपासले, मध्यमवर्गीय कथा-कादंबरी तपासली. आता या नव्या पुराणांकडेही वळले पाहिजे.

मी उदाहरणासाठी टाटा घराणे निवडतो. यामागे आकस नाही. भारतातील उद्योगगृहांमध्ये समाज आणि परिसर यांच्याविषयीच्या जबाबदारीची परंपरा ज्या घराण्याकडे सर्वांत जुनी आणि सर्वांत भक्कम आहे, तेच हे घराणे. निकृष्ट उदाहरण घेऊन टीका करणे सोपे असते. तत्त्वाची परीक्षा करायची तर ती त्याच्या उत्तम नमुन्यावरच केली पाहिजे.

नमुना खरोखर उत्तम आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. तेथे १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला गेला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. पुढे साकचीला पोलादाचा कारखाना झाला. तिथल्या कल्याणकार्याची कहाणी सांगताना एक तक्ता नेहमी छापला जातो. त्याला दोन रकाने असतात. पहिल्यात कंपनीने सवलत कधी दिली ते साल आणि दुसऱ्यात सरकारने ती कायद्याने कधी बंधनकारक केली ते साल. आठ तासांचा दिवस : १९१२ आणि १९४८. मोफत औषधोपचार : १९१५ आणि १९४८. भरपगारी रजा : १९२० आणि १९४८. भविष्यनिर्वाह निधी : १९२० आणि १९५२. नफ्यातील बोनस : १९३४ आणि १९६५. ग्रॅच्युइटी : १९३७ आणि १९७२.

हा तक्ता खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. जगातल्या बहुतेक कारखान्यांत कामगार दहा-बारा तास राबत असताना आठ तासांचा दिवस देणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ज्यांना त्या सवलती मिळाल्या त्यांचे जगणे सुसह्य झाले, हे नाकारणे म्हणजे त्या कामगारांच्याच अनुभवाला नाकारणे होईल. माझा आक्षेप तक्त्यातील सालांना नाही. आक्षेप तक्त्याच्या रचनेला आहे.

मी मराठी शिकवतो, म्हणून व्याकरणापासून सुरुवात करतो. या घराण्यांच्या इतिहासातील वाक्ये पाहा. मालकांनी कामगारांना घरे दिली. मालकांनी कामगारांना दवाखाना दिला. मालकांनी गावाला बाग दिली. कर्ता नेहमी एकच असतो. कामगार, गाव, आदिवासी, स्त्रिया हे सारे चतुर्थी विभक्तीत उभे असतात. जुन्या व्याकरणकारांनी या कारकाला ‘संप्रदान’ असे नाव दिले आहे, म्हणजे ज्याला दान द्यायचे तो. शेकडो पाने उलटली तरी चतुर्थीतला माणूस उठून प्रथमेत येत नाही. त्याने काही मागितले, काही नाकारले, तो कशासाठी भांडला, असे वाक्य क्वचितच सापडते. गावगाड्यातही आमची विभक्ती हीच होती. पाटलाने महाराला बलुते दिले, असे गाव म्हणत असे. महाराने गावाला काय दिले, याची वही कोणी ठेवली नाही.

आता तक्त्यात न छापलेला तिसरा रकाना भरून पाहू. १९२० या सालासमोर दोन सवलती आहेत, आणि पूर्ण तक्त्यात अपघातभरपाईही याच सालासमोर येते. एकाच वर्षी तीन सवलती. त्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जमशेदपूरला मोठा संप झाला, गोळीबार झाला, कामगार मारले गेले. त्याच संपातून तेथे कामगारांची संघटना उभी राहिली. पुढे १९२२ साली पुन्हा संप झाला. १९२८ सालचा लढा तर कित्येक महिने चालला आणि सुभाषचंद्र बोसांना त्यात लक्ष घालावे लागले. संपामुळेच सवलती मिळाल्या असे सरळ समीकरण मी मांडत नाही. काहींचा विचार आधीपासून चाललेला असेलही. पण ज्या तक्त्यात संपाला रकानाच नाही, तो तक्ता वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा समज काय होणार? हक्क मिळवण्यासाठी कामगाराला काही करावे लागत नाही, मालक सज्जन असला की पुरे, असाच होणार. शोषितांच्या मनावर होणारा सर्वांत घातक संस्कार हाच आहे.

१९२८ हे साल आणखी एका अर्थाने बोलके आहे. त्या वर्षी जमशेदपूरला स्त्री-कामगारांना बाळंतपणाची सवलत मिळाली. तक्त्यात ती नोंद ठळकपणे असते. त्याच वर्षी २८ जुलैला मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक चर्चेला होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि स्त्रीच्या श्रमातून मालकाला फायदा होतो म्हणून त्यानेही तो सोसला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. हा कायदा १९२९ साली झाला. एका ठिकाणी एका कंपनीतल्या बायकांना सवलत मिळाली. दुसऱ्या ठिकाणी इलाख्यातल्या कोणत्याही गिरणीतली बाई कायद्याच्या आधाराने ती मागू शकली, मग तिचा मालक सज्जन असो वा नसो. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा प्रश्न कायद्याच्या मार्गाने पुढे गेला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. तक्त्यातील दोन सालांमधले अंतर मालकाचे मोठेपण म्हणून दाखवले जाते. त्या अंतरात किती लोकांनी किती झीज सोसली, हे मात्र कुठेच दाखवले जात नाही.

कल्याणकार्याला जात दिसत नाही, हा या परंपरेचा दुसरा दोष आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने विटाळ होतो, अशी सवर्ण कामगारांची तक्रार होती. पगार विणकामात जास्त होता. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याला पगारातून वसूल होत होती. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनीही तो आनंदाने स्वीकारला नाही. १९३८ साली मनमाडच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत असे बाबासाहेबांनी सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. दवाखाना, निधी, भरपाई यांचे कोष्टक मांडणाऱ्या एकाही इतिहासात, विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्यांना कधी उघडला, याचे साल मला आढळले नाही. जे साल आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, त्यासाठी तक्त्यात ओळच नाही.

म्हणूनच एम्प्रेस मिलचा इतिहास एकाच पुस्तकातून वाचून चालत नाही. कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ हे हिंदी आत्मकथन १९९९ साली आले. त्यांचे आईवडील या एम्प्रेस मिलमध्येच कामाला होते. कंपनीच्या इतिहासात जे ‘कामगार’ या एका शब्दात मावतात, ते येथे नागपूरच्या दलित वस्तीतले जोडपे म्हणून भेटतात. गिरणीत राबून ते मुलींना शिकवतात, आणि त्यामागची प्रेरणा बाबासाहेबांच्या विचाराची असते. या पुस्तकात आई वाक्याची कर्ता आहे. गिरणीच्या पगारावाचून हे शिक्षण झाले नसते, हे खरे. पण पगार हा श्रमाचा मोबदला असतो आणि शिकण्याचा निश्चय त्या आईचा होता. आपल्या आत्मकथनांनी कर्ता बदलला, हे त्यांचे वाङ्मयीन कार्य फार मोठे आहे. समीक्षकांनी दलित आत्मकथनांना दुःखाचे दस्तऐवज म्हटले. मला ती औद्योगिक इतिहासाची दुसरी प्रतही वाटतात.

आता परिसराविषयी. जमशेटजींनी आपल्या मुलाला कळवले होते की नियोजित पोलादनगरीत रुंद रस्ते असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडे असावीत, बागा आणि मैदाने असावीत, सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा असावी. १९०२ सालातला हा विचार आजही वाचताना चांगला वाटतो. पण नगरी मोकळ्या आभाळातून उतरली नाही. साकचीचे बांधकाम १९०८ साली सुरू झाले. छोटा नागपूरच्या याच पट्ट्यात आठ वर्षांपूर्वी, १९०० साली, बिरसा मुंडांचा तुरुंगात मृत्यू झाला होता. आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारा कुळकायदाही १९०८ चाच. १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्ड आले आणि साकचीचे जमशेदपूर झाले. काळीमाटी स्टेशनचे टाटानगर झाले. एका भाषणात नामांतर होऊन गेले! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढणाऱ्यांना, घरे जळताना पाहिलेल्यांना, नाव कोणाच्या शब्दाने बदलते आणि कोणाच्या रक्तानेही लवकर बदलत नाही, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण तर अधिक जवळचे आहे. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत आणि शहर धुराने काळवंडून जाई. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून वीज करावी, म्हणजे गिरण्यांना स्वस्त शक्ती मिळेल आणि मुंबईची हवाही स्वच्छ होईल, ही जमशेटजींची कल्पना. पहिली वीज १९१५ साली खोपोलीहून आली. त्यानंतर मुळशीची पाळी आली. मुळा नदीवरच्या धरणासाठी मावळातली गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले आणि धरणही झाले. भीमेच्या खोऱ्यातले पाणी घाट उतरून भिऱ्याला कोकणात गेले, ते अद्याप जाते. खाली सोलापूरकडचा मुलूख तहानलेलाच राहिला.

मुंबईची हवा स्वच्छ झाली, हे परिसराचे काम खरेच. पण त्याची किंमत मावळ्यांनी मोजली. त्यातही दोन थर होते. भरपाई मिळते ती कागदावर नाव असणाऱ्याला, आणि मुळशीत कितीतरी जमिनींच्या कागदांवर पुण्याच्या सावकारांची नावे होती. ज्याचे कागदावर काहीच नाही, जो गायरानात जनावरे चारतो, रानातले लाकूडफाटे विकतो, गावकीच्या कामावर पोट भरतो, त्याचे काय बुडाले हे मोजायला सरकारकडे माप नव्हते, कंपनीकडे नव्हते आणि सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांकडेही फारसे नव्हते. ‘पर्यावरण’ हा शब्द आता सभ्य झाला आहे. त्यात झाडे येतात, पक्षी येतात, नदी येते. नदीवर ज्याला पाणवठाच नव्हता, तो माणूस त्या शब्दात येतो की नाही, हे आपण विचारले पाहिजे. महाडच्या तळ्याचा प्रश्न हा या देशातला पर्यावरणाचाही मूलभूत प्रश्न होता, असे मी मानतो. पाणी स्वच्छ आहे की नाही याच्या आधी पाण्यावर कोणाचा हक्क आहे हे ठरावे लागते.

जमशेदपूरच्या स्वच्छ रस्त्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. पाणी, वीज, गटारे, कचरा ही सारी कामे तेथे पिढ्यान्‌पिढ्या कंपनीकडे राहिली, आणि ती चांगली होतात असे तेथे राहणारे सांगतात. पण लोकांनी निवडलेली नगरपालिका त्या शहराला लाभली नाही. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडलेल्या संस्था दिल्या. त्याच दुरुस्तीतील २४३-क्यू कलमाला एक परंतुक आहे. जेथे एखादा उद्योग नागरी सेवा पुरवतो, तो भाग ‘औद्योगिक नगरी’ म्हणून वगळता येतो. आता याच दुरुस्तीतले २४३-टी कलम पाहा. नगरपालिकांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात. जेथे नगरपालिकाच नाही तेथे राखीव जागा कुठून येणार? गटार वेळेवर उपसले जाते, पण गटार उपसणाऱ्याची मुलगी नगरसेविका होऊ शकत नाही. कार्यक्षम मायबाप आणि अडखळणारी लोकशाही यांत निवड करायची वेळ आली तर दलितांनी कशाची निवड करावी, याचे उत्तर बाबासाहेबांनी संविधान लिहून दिलेले आहे.

येथे माझेच काही मित्र म्हणतील की आपण कृतघ्न होत आहोत. त्यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. के. आर. नारायणन १९४५ साली टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले आणि पुढे या देशाचे पहिले दलित राष्ट्रपती झाले. खुद्द बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. ही मदत मोलाची होती, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. पण पुढचा प्रसंगही लक्षात ठेवला पाहिजे. शिकून परतलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कचे विद्यापीठ दिले, पण बडोद्यात एक खोली दिली नाही. दात्याचे औदार्य सच्चे होते. तरीही समाजाची रचना बदलल्यावाचून ते औदार्य दाराशी येऊन थांबले. बाबासाहेबांनी सयाजीरावांविषयी आदर बाळगला, आणि त्या आदराने स्वतःची जीभ मात्र बांधून घेतली नाही. आपल्यापुढचा आदर्श हाच आहे.

या साऱ्याचा आजच्या तरुणांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध भाकरीचा आहे. २००६ या एका सालाकडे पाहा. २ जानेवारीला ओरिसातील कलिंगनगर येथे टाटांच्या नियोजित पोलाद कारखान्याच्या जागेवर काम सुरू होताना पोलिसांनी गोळीबार केला आणि तेरा आदिवासी प्राणास मुकले. त्याच वर्षी खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी जोरात असताना उद्योगपतींच्या संघटनांनी टाटा समूहातील जमशेद इराणी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. त्याची भूमिका अशी की आरक्षणाचा कायदा नको. आम्ही स्वेच्छेने प्रशिक्षण देऊ, शिष्यवृत्त्या देऊ, दलित उद्योजकांना मदत करू. पुढे कंपनी कायदा २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. तेथेही काय द्यायचे आणि कोणाला द्यायचे हे ठरवते कंपनीच. दोन टक्के वाटपाला कायदा चालतो, नोकरीच्या दारात मात्र कायदा नको!

सरकारी जागा आटत चालल्या आहेत. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना उद्या खाजगी कंपन्यांच्याच दारात जायचे आहे. कुठल्याशा कंपनीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपली गरिबी दोनशे शब्दांत लिहा, असे त्यांना सांगितले जाते, आणि ती लिहितात. स्वतःच्या हलाखीचे निबंध लिहिणारी ही पिढी हक्काचा अर्ज लिहायला विसरेल, अशी भीती मला वाटते. स्वेच्छेने दिलेले स्वेच्छेने थांबवता येते. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. शंभर वर्षांच्या कल्याणाची परंपरा गिरणीचे भोंगे थांबताना कामगाराच्या फारशी उपयोगी पडली नाही. जे त्याच्या हाती उरले, ते बहुतांशी कायद्याने लिहून ठेवलेले होते.

म्हणून या वाङ्मयाच्या समीक्षेसाठी मी काही साधे प्रश्न सुचवतो. दिलेल्याची यादी असेल तर घेतलेल्याची यादी कुठे आहे? सवलत मिळाली तेव्हा ती कोणी मागितली होती? कायमच्या कामगाराला मिळालेली सवलत ठेक्यावरच्या रेजाला मिळाली का? स्वच्छ झालेल्या हवेची, पाण्याची किंमत कुठल्या गावाने मोजली? आणि कोणत्या खात्याचे दार कोणत्या जातीला बंद होते? विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातला एकेक साखर कारखाना, एकेक गिरणी, एकेक धरण घ्यावे आणि या प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांतून व म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गोळा करावीत. कार्यकर्त्यांनी त्यांना वस्तीत घेऊन जावे. शिक्षकांनी तक्ता फळ्यावर काढावा आणि तिसरा रकाना मोकळा ठेवावा. तो कंपनी भरणार नाही, तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. तो आपण भरायचा आहे.